शहाळ्याच्या मापाचं टोपरं

मैत्रिणींनो, आज कळंबोलीला नणंदेच्या बाळाचं बारसं झालं. मी महिनाभर खपून लोकरीचं टोपरं विणलं होतं, वर सशाचे दोन कान!

सासूबाई म्हणाल्या होत्या, "बाळाचं डोकं नारळाएवढं. नारळावर माप घे." घरात नारळ नव्हता, मग मी शहाळ्यावर घेतलं.

बाळाला घातलं तर टोपरं थेट हनुवटीपर्यंत. नणंद म्हणाली, "वहिनी, आत बाळ आहे ना?"

सासूबाईंनी ते काढलं. मला वाटलं, आता भर हॉलमध्ये माझी शोभा होणार. तर त्यांनी स्वतःच घातलं! "एसीनं लई गार वाटतंय गं. असू दे."

सगळ्या फोटोंत बाळाचं डोकं उघडं आणि सासूबाईंना कान.

नेरूळला परतताना रिक्षात म्हणतात, "आता मला मोजे विण."

पायाचं माप कशावर घेऊ?