शंभरपैकी एकतीस

चाळिशीतला हा ड्रायव्हर गोदामाच्या फाटकातून ट्रक काढायचा तो गोळा सुटल्यासारखा, म्हणून सगळे त्याला तोफ म्हणत. वीस वर्षांत त्याने कुणाचं ऐकलं नव्हतं. सिग्नलचं तर नाहीच. जेवायला थांबला तरी इंजिन चालूच. का, तर पहिल्या नोकरीतला खटारा एकदा बंद केला तो दोन दिवस हलला नव्हता. दुधाने तोंड पोळलेला हा गडी तेव्हापासून ताक फुंकत होता आणि धूर मात्र लोकांच्या नाकात जात होता.

मग कंपनीने धूर कमी करायचा ठरवला. प्रत्येक ट्रकच्या स्टिअरिंगखाली साबणाच्या वडीएवढा डबा बसला. करकचून मारलेला ब्रेक, उगाच वाढवलेला वेग, उभ्या गाडीचं इंजिन, सगळं तो टिपायचा. दर शनिवारी पाण्याच्या टाकीशेजारी ड्रायव्हरांचे गुण लागायचे. तोफेला एकतीस.

"शाळेपेक्षा चार जास्तच आहेत," तो म्हणाला.

"पुढच्या शनिवारी पन्नास नसले तर ट्रक दुसऱ्याला," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "तुम्ही आवारात खोकी उचला."

तोफेचं हसू मावळलं.

त्याच आठवड्यात त्याच्या आईला लेकीच्या बाळंतपणाला जायचं होतं. बसमध्ये तिला उलट्या होत. तोफेची त्या आठवड्यातली एकुलती एक लांब फेरी त्याच बाजूला होती. त्याने नियम धाब्यावर बसवून तिला ट्रकमध्ये घेतलं. आईने समोरच्या दांडीला उलटीची पिशवी टांगली आणि पहिल्याच वळणावर ओरडली, "मेल्या, लेकीकडे पोचवतोयस की वर?"

"उशीर होईल गं."

"होऊ दे. नऊ महिने तुला घेऊन फिरले, एक गचका लागू दिला नाही!"

तोफ वळणं अलगद घेऊ लागला. लांबून सिग्नल दिसला की पाय उचलू लागला. जेवायला थांबले, तर आई म्हणाली, "गाडी उभी आहे ना? मग ते कशाला बोंबलतंय? बंद कर."

"पुन्हा चालू नाही झालं तर?"

"मी ढकलेन."

जेवण झालं. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. तोफ ओशाळला.

शनिवारी त्याला ब्याण्णव! बाईंनी आत बोलावलं. "डबा काढून ठेवला होता की दुसऱ्या कुणी चालवला? खरं सांगा."

खरं सांगावं तर नियम मोडलेला, न सांगावं तर लबाड ठरणार. तोफेने मान खाली घातली. "आई होती शेजारी."

बाईंनी उघडलेली तक्रारवही मिटून ठेवली. त्यांनाही आई असावी. "पुन्हा कुणाला बसवलंत तर थेट आवारात. एकट्याने पन्नास आणून दाखवा, मग ट्रक तुमचा."

तोफेने बहिणीकडे फोन लावून आईपुढे रडगाणं गायलं.

"एवढंच ना? पिशवी तिथेच टांगलेली आहे. अजून कोरी आहे. तशीच परत हवी मला."

आठवडाभर प्रत्येक वळणावर ती पिशवी हलली, की तोफेचा पाय आपोआप वर यायचा. शनिवारी अठ्ठ्याऐंशी लागले. बाईंनी किल्ली त्याच्याकडेच राहू दिली. पिशवीबद्दल नियमांत काही लिहिलेलं नव्हतं.