वेदूला गोड द्यायचं न्हाई!

घरातल्या एका लेकराला गोड वर्ज्य झालं की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. माणसंच घेऊन येतात, पदराखाली झाकून! शाळेची पायरी न चढता वाचायला शिकलेली बाई आहे मी. माणसांची तोंडं तर त्याच्याही आधी वाचायला शिकले. म्हणून सांगते, भरवसा कुणाचाच नाही.

माझी नात वेदू. तान्ही असताना गुळाचं बोट चाटलं की ओकायची, घामाघूम होऊन मान टाकायची. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी सुनेच्या दुधाला नाव ठेवलं. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "गोड पचवायचं एक एन्झाइम हिच्या लिव्हरमध्ये जन्मापासून नाही. साखर, गूळ, मध, फळं बंद. पोटात गेलं तर जिवावर बेतेल. हे आईबाप दोघांकडून येतं."

विहीणबाई लगेच म्हणाल्या, "पाहा, तुमच्याकडून आलं!"

"व्हय," मी म्हटलं, "पण आमी निम्मंच घेऊ. उरलेलं तुमी घरी न्या!"

*

शेजारची शेवंता रोज वेदूशी गप्पा मारायला येऊ लागली. उजवी मूठ कायम मिटलेली.

"मूठ उघड."

"काहून?"

"उघड म्हणते ना!"

उघडली. चुना लावलेली तंबाखू निघाली. शेवंता फुगून बसली, मी माफी मागावी म्हणून.

मी म्हटलं, "आता डावी दाखव!"

*

वेदूला ताप आला. डॉक्टर म्हणाले, "ग्लुकोजचं पाणी द्या."

"गोड हे ना ते? लेकराला मारता का?"

"आजी, ही साखर वेगळी. हिला चालते."

"आधी तुमी प्या."

बिचारे घटाघटा प्यायले. मी तासभर त्यांच्यासमोर बसून राहिले, काही होतं का पाहायला!

*

मग मी घरातली साखरच बंद केली. तेव्हापासून आमचा म्हातारा रोज हळदीचा भाव बघायला वसमतला जाऊ लागला.

"मिशीवर काय लागलं?"

"घाम हे."

"घामावर माशा बसून राहिल्या का?"

*

सिद्धेश्वर गावी माझ्या नणंदेकडे, गोदाबाईकडे, सत्यनारायण होता. वेदू तेव्हा पाच वर्षांची. मी दारातच बजावलं, "तीर्थ-प्रसाद काही द्यायचा न्हाई हिला."

"वैनी, देवाचं कधी बाधत असतं का?"

"देवाला विचारून सांगते. तोवर न्हाई!"

नणंदेवर डोळा ठेवूनच होते. जरा हातपाय धुवायला गेले, परत येते तर गोदाबाई बायकांच्या घोळक्यात हसून सांगत होती, "पाजलं मी पंचामृत! फुलपात्रभर! पाहा, कशी खेळून राहिली पोरगी. डॉक्टरचं सगळं थोतांड!"

मध, साखर, केळं, सगळं त्यात! "जीप काढा रे!" मी ओरडले. वेदूला ओढलं, कपाळ चाचपलं, तोंड हुंगलं.

तिनं माझा हात धरला अन् आतल्या खोलीत नेलं. बाजेखाली बोट दाखवलं. फुलपात्र काठोकाठ भरलेलं, अन् भिंतीपासून त्याच्यापर्यंत मुंग्यांची रांग.

मी तशीच बाहेर निघाले, गोदाबाईला दाखवायला. वेदूनं पदर ओढला.

"आजी, सांगू नको तिला. किती खूश होऊन राहिली ती!"