वांग्यावरचा पासवाला

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील, त्याबद्दल आधीच माफी. चौथीनंतर वही सुटली ती सुटलीच.

आंबिवलीला आमच्या चाळीमागे मी वांगी लावलीत. शेजारचे भाऊ एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्या वाफ्यात किडे तपासायला येतात. एकाही किड्याचं नाव त्यांना ठाऊक नाही. पान खाणारा तो विनातिकीट, त्याला साबणाच्या पाण्यात उतरवायचं. पानावरची मावा कीड खाणारा तो पासवाला, त्याला सोडायचं.

तांबूस, काळ्या ठिपक्यांच्या गोल किड्याला त्यांनी बघताक्षणी पास दिला. "वहिनी, याला हात लावायचा नाही. आपला माणूस आहे." पुढे वांग्याच्या पानांची चाळण झाली. तो खाताना मला दिसत होता, पण भाऊंच्या आवाजापुढे माझं तोंड कुठलं उघडतंय! शेवटी एकच रोप धड उरलं, तेव्हा कशीबशी बोलले, "भाऊ, तुमचा पासवाला पान खातोय."

ते चष्मा लावून बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "च्यायला, बोगस पास!" आणि एकेकाला पाण्यात पाडू लागले. "चला, उतरा. सगळे उतरा."

दुसऱ्या दिवशी एक हिरवा किडा चिमटीत धरून माझ्या दारात हजर. "वहिनी, हा कोण?"

मला तरी काय ठाऊक! पण त्यांच्यासारखाच आवाज चढवून सांगितलं, "विनातिकीट."

भाऊंनी मुकाट्याने त्याला पाण्यात सोडलं. बिचारा पासवालाही असेल.