आमच्या माठातलं पाणी

“तिथंच थांबा. पायरीला हात लावू नका.”

पाटील चावडीच्या ओट्यावरून बोलले. आम्ही बायका उन्हात उभ्या. सगळ्यांत पुढं मी, कारण घोळ मीच घातला होता.

पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला होता. तिथं बाटल्या धुवायला बायका पाहिजेत, असं सांगत एक माणूस दिघीजवळच्या आमच्या वस्तीत आला. पांढरा सदरा, पायात बूट. मला ‘बाई’ म्हणाला. पाणी मागितलं आणि आमच्या माठातलं, आमच्याच तांब्याला तोंड लावून प्याला. गावातला कुणी आमच्या दारात घोटभर प्यालेला मी पाहिला नव्हता. तिथंच मी विरघळले. चार बुकं शिकलेली मी, पण ना त्याचं नाव विचारलं, ना गाव. उलट घरोघर सांगत सुटले, “माणूस आपला हाय. द्या बिनघोर.”

बायकांनी अनामत म्हणून हातातली चांदी काढून दिली. शेजारच्या सोनाआक्कानं लेकीच्या लग्नासाठी जपलेले हातातले चांदीचे गोट उतरवून दिले. तो पुन्हा फिरकलाच नाही. कारखान्याच्या फाटकावर गेलो, तर असा माणूस तिथं कुणाला ठाऊकच नव्हता.

हे सगळं मी चावडीपुढं सांगितलं आणि तक्रारीसाठी फौजदाराच्या नावची चिठ्ठी मागितली. पाटील खदाखदा हसले.

“पाणी प्याला म्हून भुललात व्हय? फौजदाराला माझी चिठ्ठी पायजे ना? मग गोठ्यामागं बैल मेलाय, तो आधी वढा.”

गड्यानं आमच्या पुढ्यात दोर टाकला.

मेलेलं जनावर ओढायचं आम्ही धर्म बदलला तेव्हाच सोडलं होतं. सगळ्या वस्तीनं शपथ घेतली होती. कुणी हललं नाही. मग सोनाआक्का वाकली. तिनं दोर उचलला. लेकीसाठी. माझ्यामुळं. तिचे ते ओकेबोके हात बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी दोर हिसकावला आणि ओट्यावर भिरकावला.

“चिठ्ठी नको तुमची.”

तशाच उन्हातान्हात आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, “पाटलाला घेऊन या.” मी दारातच फतकल मारली.

“फसलोय आमी. आमच्याच तोंडून लिहून घ्या. तवर उठणार न्हाई.”

दिवस कलला तेव्हा त्यानं लिहून घेतलं. खाली सही मी केली.

चांदी मिळाली नाही. आक्काच्या लेकीचं लग्न मोडलं. आक्का मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिची लेक समोर आली की मी अजून मान खाली घालते. हे माझ्या माथ्यावरचं कधी उतरणार नाही, आणि उतरू नये.

पण वस्तीत आता कुणी फसलं, तर त्याला मी लाजेनं घरात दडू देत नाही. चावडीकडं तर जाऊच देत नाही. हाताला धरून सरळ ठाण्यात नेते. हाकललं तर दारात बसते. लिहून घेतल्याशिवाय मी उठत नाही.