पिकला की काढू

माझ्या आत्याचा डोळा पिकत होता आणि त्याचा तिला आनंद होता. आज हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाच त्यात वावगं दिसलं नाही. सालेकशाकडच्या गावांत मोतीबिंदू पिकतो, आणि पिकल्याशिवाय तो काढत नाहीत. कच्चा काढला तर डोळाच जातो, असं जुनी माणसं सांगत आली. आता थांबायची गरज नसते असं दवाखानेवाले कितीही सांगोत, धान पिकवणाऱ्या माणसाला कच्चं कापणं पटत नाही. त्यामुळे डावीकडचं थोडं आणखी दिसेनासं झालं की आत्या मला फोनवर खुशीत सांगायची, "आता मस्त पिकून राहिला, बाई." आतेभाऊ म्हणायचा, कापणी होऊ दे, मग डोळ्यांच्या शिबिराची गाडी येते, तिच्यात बसवून देऊ.

आत्याला डोळा हवा होता तो भजनासाठी. शेतातलं आणि चुलीजवळचं काम हाताच्या सवयीनं होतं, वाचणं तसं होत नाही. ती वाचायला शिकली ती चाळिशीत, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात. सोबतच्या बायका सहीपुरतं शिकल्या आणि विसरल्या. ही एकटी वाचत राहिली. बायकांच्या भजन मंडळात पुस्तक कायम तिच्या मांडीवर असायचं. ती ओळ वाचून उचलणार, मग बाकीच्या झेलणार. सगळ्यांच्या एक ओळ पुढे असण्यावर तिचा सगळा तोरा होता. सुनेनं उलट उत्तर दिलं तर "मी वाचतो, तू वाचते का?" एवढं म्हणून ती विषय संपवायची. वाचणं गेलं असतं तर टाळ कुटणारी आणखी एक म्हातारी, एवढीच ती उरली असती.

दिवाळीआधी मंडळातल्या एकीनं मला सांगितलं की आत्या हल्ली खालची ओळ चुकते, तीच ओळ पुन्हा उचलते. मी गोंदियात राहते, बाजार माझ्या घरापासून जवळ. म्हटलं, शिबिरापर्यंत निभावायला मोठ्या अक्षरांचं भजनाचं पुस्तक नेऊन द्यावं. तिनं मागितलं नव्हतं. पण आमच्या घराण्यात न मागितलेल्या गोष्टी देण्याची हौस मोठी आहे.

गोंदियाच्या बाजारात हिंदी पुस्तकांच्या थप्प्या, मराठी कोपऱ्यात. दुकानदार म्हणाला, "बुज़ुर्ग के लिए चाहिए? ये देखो बहनजी, अक्षर नहीं, चने हैं चने." एकाचं फक्त मुखपृष्ठ मोठ्या अक्षरांत होतं, आत मुंग्या. दुसऱ्याची शाई इतकी पसरलेली की 'घ' आणि 'ध' भाऊ-भाऊ दिसत होते. तिसरं बरं होतं. मी चष्मा काढून ते हात लांब करून धरलं आणि तरी वाचता आलं. पण चाळून बघते तर पानोपानी तेच. पिंजरा सोडून उडालेला पक्षी, चार जणांचा खांदा, रिकामं घर. मोठं अक्षर म्हणजे म्हातारं माणूस आणि म्हातारं माणूस म्हणजे मरण, असा छापखानेवाल्यांचा सरळ हिशेब. मला राग आला. म्हाताऱ्यांनी काय फक्त जाण्याचीच गाणी म्हणायची? देवाचं नाव असलेली थोडी भजनं शेवटी होती, म्हणून ते घेतलं. पिशवीत टाकताना मन खट्टू झालं होतं. अशी पुस्तकं घरात नेऊ नयेत, असं माझी आई म्हणाली असती.

सोमवारी भजन असतं, म्हणून त्याच दिवशी गेले. आत्यानं चहा केला. ओतताना धार कपाच्या डाव्या अंगानं बशीत पडली. तिच्या डाव्या दंडावर काळेनिळे डाग होते, एकावर एक, जुने-नवे. "दरवाजाची चौकट लागते," ती म्हणाली, "चौकट सरकली का काय तं." आम्ही हसलो. मग म्हणाली, संध्याकाळी लाईटच्या भोवती रंगीत कडं दिसते, आणि डोकं ठणकते. सून म्हणाली, "पिकून राहिला, आत्याबाई." मीही मान हलवली. माझ्या सासूचा मोतीबिंदू मी पाहिला होता. तिला सगळं धुक्यातल्यासारखं दिसायचं, पण चौकट तिला कधी लागली नव्हती. हा फरक माझ्या मनात आला आणि मी तो झटकून टाकला.

देवळात बायका गोल बसल्या. नवं पुस्तक पाहून एकच कौतुक झालं. एक म्हणाली, "एवढं मोठं अक्षर तं मलेही येईन वाचता." आत्यानं पान उघडलं, मान कोंबडीसारखी तिरकी केली आणि वाचलं, "नदया."

सगळ्या थांबल्या. झेलायचं काय, कुणालाच कळेना. आत्यानं पुन्हा ठासून वाचलं, "नदया!" एक बाई फिसकन हसली. "नद्या कुठून आल्या वं भजनात?" मी वाकून पाहिलं. पानावर 'दीनदयाळा' लिहिलं होतं. पुढचा 'दी' आणि मागचा 'ळा' आत्याच्या लेखी तिथे नव्हतेच.

ती चिडली. "काही कामाची नाही तुयी पुस्तक. अक्षरं मावून नाही राहिले." आणि पिशवीतून जुनं पुस्तक काढलं, जोंधळ्याएवढ्या अक्षरांचं. त्यातली ओळ तिनं अस्खलित वाचली. बायकांनी झेलली, ढोलकी सुरू झाली आणि सगळं सुरळीत झालं.

मी मात्र नवं पुस्तक पुन्हा उघडून 'दीनदयाळा'कडे बघत बसले. बारीक दिसतं आणि मोठं दिसत नाही, असा मोतीबिंदू मी ऐकला नव्हता. 'अक्षरं मावत नाहीत' म्हणजे कशात मावत नाहीत?

घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसले. म्हटलं, माझ्या नाकाकडे पाहा आणि हात दिसतो का सांग. मी डावा-उजवा दोन्ही हात पसरून हलवत होते. ती माझ्याकडे निवांत बघत राहिली. "हात कर ना मंग वर," म्हणाली. "कवाची वाट पाहून राहिलो."

माझे हात हवेतच होते.

आतेभावाला मी बाहेर नेऊन सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीनं हिला गोंदियाला नेते. तो म्हणाला, "कापणी चालू हाय. एका हप्त्यानं काय होते? पिकू तं दे." माझा तोल गेला. मी ओरडले, "डोळा आहे तो, बांधीतलं धान नाही!" शेजारची कवाडं उघडली. आत्या आतून म्हणाली, "कायले भांडून राहिले? पिकला असन तं उद्याच काढून टाकतीन."

दवाखान्यात तिला एका यंत्राला हनुवटी टेकवून बसवलं. आत उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी मागे उभी होते. यंत्र गुणगुणत होतं आणि बटणाचा आवाज येत नव्हता. मधेच एकदा टिक. मग पुन्हा नुसती गुणगुण. आत्या शाळेतल्या पोरीसारखी ताठ बसली होती, अंगठा बटणावर तयार. तिला वाटत होतं की तपासणी अजून सुरूच व्हायची आहे. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शब्द जपून वापरत होत्या. "आजी, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. हा पिकत नाही. कडेकडेनं नजर खात आत येतो."

"मंग काढून टाका ना."

"काढण्यासारखं त्यात काही नसतं. जे गेलं ते परत येत नाही. डाव्यात फारसं उरलं नाही. उजव्यात मधोमध थोडं आहे, ते राखायचं. थेंब रोज टाकायचे, कायमचे."

"राहीन का ते?"

"प्रयत्न करू," त्या म्हणाल्या. या दोन शब्दांवर माझा फार राग आहे.

आत्यानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "म्हणजे पिकून नव्हता राहिला तो. जाऊन राहिला होता." दर महिन्याला अंधार थोडा आत यायचा आणि ती वर्ष-दीड वर्ष दारात त्याचं स्वागत करत उभी होती. आम्ही सगळे तिच्या मागे, टाळ्या वाजवत.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मी तिच्या शेजारी, डाव्या अंगाला बसले, धक्का लागला तर सावरायला. गाडी सुटली तसं तिनं चाचपून माझा हात शोधला.

"इथं नको बसू," ती म्हणाली. "समोर जा."

"काऊन? मी आहे ना जवळ."

"जवळ असून काय करू? तिथं तू नाहीच आहे मायासाठी. समोर बस."

समोरच्या बाकावरच्या माणसाला उठवून मी तिथे बसले. ती माझ्या कपाळाकडे पाहू लागली, मग एका डोळ्याकडे, मग दुसऱ्याकडे, मग हनुवटीकडे, बारीक अक्षरांची ओळ वाचावी तशी, एकेक तुकडा. मी लाजून म्हटलं, "अशी काय पाहून राहिली?"

"तुले पाहून घेतो," ती म्हणाली. "घरी गेल्यावर बाकीच्याइलेही एकेक करून समोर बसवीन. उरलं हाय तोवर."

बाहेर आमगावच्या पुढची कापलेली शेतं मागे पडत होती. माझे डोळे भरून येत होते आणि तोंड फिरवायची फार इच्छा होत होती. पण सालेकसा येईपर्यंत मी खिडकीकडे वळले नाही.