ऋषिराजचा आवडता बँड

वरकुट्याचा ऋषिराज उसाच्या ट्रॅक्टरवर जोरजोरात ‘द क्युअर’ या विलायती बँडची पोस्ट-पंक, म्हणजे एक प्रकारची इंग्रजी रॉक गाणी लावायचा. लग्न ठरलं तेव्हा त्याचे सांगवीचे सासरे तात्याबा यांनी विचारलं, “जावईबापू, बँड कुठला आवडतो?”

“द क्युअर!” तो खुशीत म्हणाला.

“हलगी हाय का त्यांच्यात?”

“न्हाय, ड्रम हाय.”

नवरदेवाच्या मिरवणुकीत त्यानं हौसेनं तीच गाणी लावली. गायक असा विव्हळायला लागला, की पोरं नाचायची थांबली. तात्याबांनी चिडून ते बंद करायला लावलं.

पाठवणीला मात्र लेक गळ्यात पडली, तसे तात्याबा हुंदके देत म्हणाले, “लावा आता तुमचा बँड. त्या गाणाऱ्या गड्याला कळतंय सगळं.”

गाणं लागलं आणि अख्खा मांडव ढसाढसा रडला. ऋषिराज तेवढा मान हलवत ठेका धरून उभा होता.