मंदाताईंना पटेपर्यंत

ग्वाल्हेरला किला गेटच्या आमच्या गल्लीत मंदाताईंकडे साडी फॉल-पिकोला टाकली की तिसऱ्या दिवशी मिळते. बाकीच्यांकडे त्याच संध्याकाळी मिळते. टोपी बाजारातला दुकानदार फॉल “धुला हुआ है, माताजी” म्हणून देतो, आणि मंदाताई तो घरी आणून रात्रभर बादलीत भिजवतात, वाळवतात, पट्टीने मोजतात, मगच साडीला लावतात. बहुतेक वेळा तो आटतच नाही. तरी भिजवतात.

अडुसष्ट वर्षांच्या आहेत. यजमान लवकर गेले, मूल नाही. जवळचं माणूस म्हणजे धाकटी बहीण सुधाताई. त्या लग्न होऊन कोकणात समुद्राकाठच्या गावी गेल्या, त्याही आता एकट्याच. रोज सकाळी नऊला दोघींचा फोन. भाजी कोणती आणावी हेसुद्धा सुधाताई ग्वाल्हेरला विचारून ठरवतात.

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्याकडे कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता. दुपारी तीनला मंदाताई चालू फोन हातात धरून माझ्या दारात उभ्या.

“शिखा, बघ तर जरा तुझ्या मोबाइलवर. वादळ खरंच येतंय, की नुसती अफवा आहे?”

मी उपग्रहाचं चित्र दाखवलं. समुद्रावर पांढरा भोवरा, तोंड सरळ किनाऱ्याकडे. उद्या दुपारी धडकणार.

“हे आजचंच कशावरून?”

“तारीख आहे ना खाली.”

“तारीख काय, कोणीही टाकतो.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “वादळ असेलही गं. पण तो हेमेंद्र तिला घराबाहेर का काढतोय?”

हेमेंद्र म्हणजे सुधाताईंच्या दिराचा मुलगा, शेजारीच राहतो, रिक्षा चालवतो. पर्यटकांसाठी त्याने दोन खोल्या बांधल्यात. गाड्या आत याव्यात म्हणून हिवाळ्यात त्याने काकूकडे कुंपणालगतची जमिनीची पट्टी मागितली होती. मंदाताईंनी इथून नकार दिला, आणि बहिणीला बजावलं की घर एक दिवसही बंद ठेवायचं नाही. घर रिकामं दिसलं की माणसाची नियत फिरते.

फोनमधून सुधाताईंचा आवाज आला, “ताई, हा चारला रिक्षा काढतोय. शाळेत चला म्हणतो. पाचनंतर खाडीचा रस्ता बंद करणार आहेत. जाऊ का?”

“थांब. त्याला दे फोन.”

“मावशी, काकूच्या घरावर कौलं आहेत,” हेमेंद्र म्हणाला. “उद्या एक राहायचं नाही. शाळेला स्लॅब आहे, उंचावर पण आहे.”

“स्लॅब तुझ्या घरालाही आहे ना? मग शाळेत कशाला?”

“पाणी आत शिरेल मावशी. आम्ही पण चाललोय.”

“चाललोय म्हणजे? गेलात, की जाणार?”

“बायकोपोरांना सकाळीच सोडून आलो.”

“बायकोपोरं तर सुट्टीत माहेरी पण जातात.”

“अहो, तुम्ही वकील आहात काय?”

“फॉल-पिको करते.”

मला हसू आलं, पण घड्याळाकडे बघून ते विरलं. साडेतीन होत आले होते. मी खुणेने म्हटलं, हो म्हणा आता. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

“घरात आणखी कोण आहे तुझ्या?”

“कोण असणार? गाय होती. आत्ताच दावं सोडलं तिचं.”

“सोडलं? का?”

“बांधून ठेवली तर आहे तिथंच बुडंल. मोकळी असली तर डोंगराकडं तरी जाईल.” तो थांबला. “जाईना. दगड मारून हाकलली.”

“दूध देते?”

“सकाळी चार लिटर दिलं.”

 इथल्याच बिर्लानगरात मिलच्या क्वार्टरमागे मंदाताईंच्या आईने गाय पाळली होती. त्या दुधावर या दोघी बहिणी शिकल्या. फोनवर तळहात दाबून त्या मला म्हणाल्या, “पट्टीसाठी माणूस खोटं बोलेल. दुभती गाय नाही सोडणार.”

मग हात काढून भराभर सुरू झाल्या. “सुधा, निघ. बीपीच्या गोळ्या घे. सिलिंडर बंद कर, मेन स्विच पाड. आधार आणि घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी बांध. आणि हे बघ, पिशवी त्याच्या हातात द्यायची नाही. समझी?”

दुसऱ्या दिवशी अकरानंतर फोन लागेना. टीव्हीवर आडवे झालेले माड दाखवत होते. मंदाताईंच्या मते ते मागच्या कुठल्या वादळाचे होते. रोज नऊला त्या फोन लावायच्या, पुन्हा सव्वानऊला, मग साडेनऊला. मशीनवर साडी तशीच पडलेली. मी पोळ्या घेऊन गेले तर म्हणाल्या, “मीच पाठवलं ना तिला. तो शाळेचा स्लॅब कोणी बांधला असेल, काय माहीत. ठेकेदारच तो शेवटी.”

वादळानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर आला. माझ्यासमोरच त्यांनी उचलला आणि स्पीकर लावला.

“ताई, मी आहे. कुणाच्या तरी फोनवरून बोलतेय. इथं टेकडीवर चढलं की रेंज येते. छप्पर गेलं गं. भिंती आहेत, वर आभाळ.”

“तू?”

“मी धडधाकट. पण भांडले हेमेंद्रशी. मधेच वारा थांबला ना, एकदम उजेड पडला. मी निघाले घर बघायला. हा शाळेच्या दारात आडवा बसला. म्हणे, काकू, हा वादळाचा मधला भाग आहे, अजून अर्धं यायचंय. मला वाटलं, ताई म्हणत होती तेच, मला घरी जाऊच द्यायचं नाही याला. ढकललं मी त्याला. पण हलला नाही. आणि घटकाभरात उलट्या दिशेने असा वारा सुटला! फाटकातलं वडाचं झाड मुळासकट रस्त्यावर. त्याच वाटेनं निघाले होते मी.”

मंदाताईंनी पदराने चष्मा पुसला.

“कुठे आहे तो?”

“हा काय, शेजारी उभा आहे.”

“दे.”

“बोला मावशी,” हेमेंद्र सावधपणे म्हणाला.

मंदाताईंनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, “जेवलास का?”

“हो, जेवलो.”

“काय जेवलास?”